विश्लेषण : मोठ्या कोहळ्याचे बी पेरूनही फळ लहान का येते?

यवतमाळमध्ये कापसाचे बीटी संकरित बियाणे दर हंगामात विकत घ्यावे लागते. धुऱ्यावरच्या आणि परसातल्या कोहळ्याचे, म्हणजे लाल भोपळ्याचे बी मात्र अनेक घरांत आजही राखून ठेवतात. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा जाहीर केल्यावर घरच्या बियाण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. पण राखलेले बी चांगले निघेल, हे कशावर ठरते?

फळांत फरक कशामुळे पडतो?

काही फरक जनुकांमुळे पडतो, तर काही शेणखत, ओल आणि जागेमुळे. उकिरड्याजवळच्या वेलीचे फळ मोठे होते. पण तो गुण खताचा असेल तर बियात उतरत नाही.

आनुवंशिकता म्हणजे काय?

एकूण फरकातला पुढच्या पिढीत उतरणारा वाटा. समजा, शेतातल्या फळांचे सरासरी वजन ४ किलो आहे आणि बियांसाठी निवडलेल्या वेलींच्या फळांचे ६ किलो. फरक २ किलोंचा. आनुवंशिकता ५० टक्के असेल, तर पुढची सरासरी सुमारे ५ किलो येईल, ६ नव्हे.

मधमाश्यांचा संबंध काय?

कोहळ्यात नर आणि मादी फुले एकाच वेलीवर, पण वेगवेगळी असतात. पराग मधमाश्या कुठूनही आणतात. त्यामुळे निवड फक्त ‘आई’ची होते, ‘बाप’ कोणताही असतो. मग वरच्या उदाहरणातली १ किलोची वाढ अर्ध्यावर येते.

उपाय काय?

पहिल्या फळांवरून चांगल्या वेली ओळखाव्यात. त्यांच्या उद्या उमलणाऱ्या नर-मादी कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधाव्यात. सकाळी एका वेलीच्या नर फुलाचे पराग दुसरीच्या मादी फुलाला लावून ते पुन्हा बांधावे आणि फळाला खूण करावी. मादी फुलाच्या तळाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखता येते. तुलना करताना वेलींना खत-पाणी सारखेच द्यावे.

कोणते बी राखावे?

संकरित वाणाचे बी राखल्यास पुढच्या पिढीत गुण विखुरतात. बंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का चंदन’ किंवा दिल्लीचे ‘पुसा विश्वास’ हे सरळ वाण आहेत. इतर कोहळ्यांचे पराग येऊ दिले नाहीत, तर त्यांचे बी राखता येते.

कायदा काय सांगतो?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकरी स्वतःचे बी राखू, पेरू, बदलून घेऊ आणि विकू शकतो. मात्र संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही.

धोका कुठे आहे?

दरवर्षी एकाच फळाचे बी ठेवले तर विविधता आटते आणि पुढे निवडायला फरकच उरत नाही. म्हणून बी अनेक चांगल्या वेलींच्या फळांतून घ्यावे.