१८० म्हणजे नक्की कुणाचे १८०?

सरळच बोलतो. तुमच्या ओट्यावरच्या इंडक्शनवर लाल दिव्यांत जो '१८०' झळकतो ना, ते तेलाचं तापमान नाही. कढईचंही नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मॉडेल्समध्ये ते मोजलेलं तापमानच नसतं. तुम्ही बटण दाबून जे मागितलंत, तेच तुम्हाला परत वाचून दाखवलेलं असतं. आपल्या धंद्यात कुणी यूजरचं इनपुट उचलून तेच आउटपुट म्हणून स्क्रीनवर छापलं, तर कोड रिव्ह्यूत त्याची काय पूजा होईल ते सांगायला नको. किचनमध्ये मात्र याला 'स्मार्ट कुकिंग' म्हणतात!

पटत नसेल तर करून बघा. पातेल्यात लिटरभर पाणी घ्या आणि १८० लावा. पाणी खळखळ उकळायला लागलं की मुंबईत ते १०० अंशांवर असतं, पुण्यात उंचीमुळे साधारण ९८ वर. त्यापुढे ते जात नाही, वाफ होऊन उडून जातं. आणि स्क्रीन काय म्हणते? १८०. लाज नाही, शरम नाही.

आत काय चालतं बघा. काचेच्या खाली, कॉइलच्या मधोमध एक थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि त्यावरून मायक्रोकंट्रोलर अंदाज बांधतो. एवढंच. पण इंडक्शनमध्ये उष्णता तयार होते भांड्याच्या तळात. तिथून ती उलटी काचेत उतरणार, आणि ही काच उष्णता पुढे सरकवायच्या बाबतीत ढिम्म. मग कुठे थर्मिस्टरला खबर लागणार. म्हणजे खबर उशिरा, वर आकडा कमी. त्यात कढईचा तळ जरा बाकदार असला की मध्ये हवेची फट. झालं कल्याण!

इथवर सगळं गमतीचं आहे, पण यापुढे नाही. कढईत थोडंसंच तेल आहे, तळ झपाट्याने तापतोय आणि सेन्सरला अजून पत्ताच नाही. 'डीप फ्राय'चं बटण दाबून, स्क्रीनवर विश्वास ठेवून कुणी ऑफिसचा कॉल घ्यायला बाल्कनीत गेलं, तर तेल आधी धुरावेल आणि पुढे पेटूही शकेल. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅस कनेक्शनची कटकट नको म्हणून इंडक्शन घेणारे आपल्यासारखेच असतात. तेव्हा हा प्रश्न आपलाच आहे.

"पण एवढं काटेकोर तापमान हवंय कुणाला? आई तर सगळं अंदाजानेच करते," असं म्हणणारे भेटतात. चूक! आई तेलात पिठाची छोटी गोळी टाकते आणि ती किती वेळात वर येते ते बघते. याला मोजमाप म्हणतात राव. आईचा सेन्सर तेलात असतो, तुमचा काचेखाली.

आणि हे काम नीट करता येत नाही असंही नाही. तो साधा, एका खटक्याचा राइस कुकर घ्या. ना स्क्रीन, ना आकडा. तळाशी स्प्रिंगवर एक चुंबकीय जोडी असते आणि ती थेट भांड्याला टेकते. भातात पाणी आहे तोवर तळ १०० च्या आसपास राहतो. पाणी संपलं की तापमान वर सरकतं, ठरावीक अंशाला त्या धातूची चुंबकाला धरून राहण्याची शक्ती जाते, स्प्रिंग सुटते आणि खट्! तोशिबाने १९५५ साली जपानमध्ये आणलेल्या ऑटोमॅटिक कुकरमध्ये हे चुंबक नव्हतं, पण युक्ती त्याच जातीची: बाहेरच्या भांड्यातलं मोजून घातलेलं पाणी आटलं की तापमान चढायचं आणि बायमेटलची पट्टी वाकून स्विच बंद. एक ओळ कोड नाही. योग्य प्रश्न, योग्य जागी विचारलेला.

व्यावसायिक किचनसाठीच्या काही महागड्या कुकटॉप्समध्ये सेन्सर काचेतून वर येऊन भांड्याला टेकतो. म्हणजे उपाय माहीत आहे, खर्च करायचा नाहीये. ठीक आहे, नका करू. मग अंश लिहू नका! १ ते १० पायऱ्या द्या. नाहीतर मॅन्युअलमध्ये छापा की आम्ही तापमान अमुक ठिकाणी मोजतो आणि ते इतक्या अंशांनी चुकू शकतं. वजनकाट्याने आपल्या मनाचा आकडा दाखवला तर आपण दुकानदाराशी भांडतो. इथेच गप्प का?

असो. तोवर एक प्रोब थर्मामीटर घ्या, नाहीतर पिठाची गोळी आहेच. आणि तेल तापत असताना कॉल म्यूट करा, पण कढईसमोरून हलू नका.