चेंडू उचलणार कोण?

दरवर्षी टेक्निकल फेस्टमध्ये आपले रोबो रेषेवरून धावतात, सॉकर खेळतात, एकमेकांना ढकलून रिंगणाबाहेर काढतात. टाळ्या पडतात, सर्टिफिकेट मिळतं आणि पुढे तो रोबो लॅबच्या कपाटावर धूळ खात बसतो. म्हणून माझा एक साधा प्रश्न आहे : आपल्याच टेनिस कोर्टवर चेंडू गोळा करणारा रोबो आपण का करू नये?

हसू नका, मित्रांनो. एकटीने सर्व्हिसचा सराव करणारीला विचारा. जोडीदार नसला की बादलीभर चेंडू घ्यायचे, एका बाजूने मारत सुटायचं आणि मग पलीकडे जाऊन वेचत बसायचं. जरा हिशोब मांडू. बादलीत ७० चेंडू आहेत. दर ८ सेकंदांना एक सर्व्हिस धरली तर नऊ-साडेनऊ मिनिटांत बादली रिकामी. वेचायला चेंडूमागे ४ सेकंद धरले तरी पावणेपाच मिनिटं गेली. म्हणजे तासातली वीस मिनिटं नुसती वाकण्यात! ज्याला दिवसभर कोर्ट मोकळं आहे त्याला याचं काही वाटणार नाही. पण प्रॅक्टिकल संपवून कोर्टवर पोचायचं आणि हजेरीच्या आत लेडीज हॉस्टेलला परतायचं, अशा मुलीला मुळात तो एक तासच मिळतो.

गंमत अशी, की चेंडू फेकणारं यंत्र जुनं आहे. फ्रेंच खेळाडू रेने लाकोस्त याने ते १९२० च्या दशकातच बनवलं. उचलणारं यंत्र यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं लागली. कारण उघड आहे. फेकणाऱ्याला एकाच जागी तेच ते करायचं असतं. उचलणाऱ्याला आधी चेंडू दिसावा लागतो. अमेरिकेत अलाबामामधल्या ऑबर्न गावी सुरू झालेल्या टेनिबॉट कंपनीचा रोबो कॅमेऱ्याने चेंडू ओळखत कोर्टभर फिरतो आणि ते पोटात भरून घेतो.

चेंडू ओळखण्याचं अर्धं काम तर टेनिसवाल्यांनी आधीच करून ठेवलंय. टीव्हीवर नीट दिसावा म्हणून १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने पिवळा चेंडू नियमात आणला. तोच भडक पिवळा आज आपल्या कॅमेऱ्याच्याही कामाचा. आणि मुलांनो, हे आपल्याला जमणारच नाही असं म्हणू नका. २०२४ च्या एबीयू रोबोकॉनमध्ये, व्हिएतनामला, रंगीत चेंडू स्वतः ओळखून उचलणं आणि नळकांड्यांत टाकणं हेच स्वयंचलित रोबोचं काम होतं.

शिवाय हा रोबो चपळ असण्याची काहीच गरज नाही. माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. माणूस वेचतो तेव्हा खेळ थांबतो. रोबो वेचतो तेव्हा खेळ चालूच असतो. तेव्हा त्याने दर ८ सेकंदांना एक चेंडू उचलला तरी पुरे. सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चाललो तरी त्या वेळात ४ मीटर जाता येतं. भारी मोटर नको, महाग सेन्सर नकोत. सर्व्हिसच्या सरावात पलीकडच्या अर्ध्या कोर्टवर कुणी नसतं, त्यामुळे कुणाच्या पायात येण्याचा प्रश्नही नाही. नेट ओलांडायचं नाही, एवढा एक नियम प्रोग्रॅममध्ये घातला की झालं.

यावर आक्षेप येणारच. पहिला : वाकणं हाही व्यायामच! मान्य, पण मग व्यायाम म्हणून वेगळा करा ना. त्यासाठी कोर्टची वेळ कशाला? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. क्लबांत हे काम करणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय येईल. ज्या कोर्टवर या कामावर कुणाचं पोट आहे तिथे हा रोबो नेऊ नये, असंच मी म्हणेन. आपल्या कोर्टवर मात्र हे काम करणारं कुणी नाहीच. तिसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे. चेंडू वेचताना आपल्या चुका मोजल्या जातात. नेटच्या बुडाशी वीस चेंडू पडलेले दिसले की कुणी सांगावं लागत नाही. रोबोने ते गुपचूप उचलले तर हा आरसाच जाईल. म्हणून त्याने नेटमध्ये अडकून आपल्याच बाजूला पडलेल्या चेंडूंना हात लावू नये. ते आपणच उचलावेत, मोजावेत.

आणि जिथे रोबो लागत नाही तिथे तो करूही नये. टेबल टेनिसच्या टेबलामागे जुनी मच्छरदाणी बांधली की काम भागतं. तो जुगाड कुठल्याही रोबोपेक्षा सरस!

फायनल इयरच्या मंडळींनो, प्रोजेक्टचा विषय शोधत नेटवर रात्री घालवण्यापेक्षा एका संध्याकाळी कोर्टवर या. सरांनो, तुम्हालाही एक विनंती : या प्रोजेक्टचे मार्क व्हायवाच्या टेबलावर देऊ नका. रोबो महिनाभर कोर्टवर ठेवा, उन्हात, धुळीत, वाळक्या पानांत. महिन्याच्या शेवटी एकटीने खेळणाऱ्या मुलीला विचारा, तासात किती सर्व्हिस मारल्यास? ती जे उत्तर देईल तेच मार्क.