घर बदललं आणि मासे जायला लागले!

पॅकर्सवाल्यांनी टीव्ही आणला, फ्रीज आणला, पुस्तकांची खोकी वर चढवली. फिशटँक मात्र तुम्ही कुणाच्या हातात दिला नाही. मासे पिशवीत घालून, मांडीवर धरून स्वतः आणले. टँक घासून लख्ख केला, खडी चार पाण्यांतून काढली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला आणि काठोकाठ नवं पाणी भरलं. पहिली रात्र मस्त. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून येऊन बघता, तर एक टेट्रा उलटा. चौथ्या दिवशी आणखी दोन. शनिवारी सकाळी तीन वर्षं सांभाळलेला एंजल कोपऱ्यात, वर येऊन तोंड उघडतोय-मिटतोय.

अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जाऊ दे रे, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं!’ ऐकायला बरं वाटतं, पण संकट त्या पांढऱ्याशुभ्र स्पंजमध्ये आहे.

टँकमधले खरे कामगार मासे नाहीत, बॅक्टेरिया आहेत. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. बॅक्टेरियाचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंचसं निरुपद्रवी. ही मंडळी पाण्यात फारशी राहत नाहीत. स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. म्हणून जुनं पाणी बादल्या भरभरून नेण्यात तसा अर्थ नाही. न्यायचा असतो तो मळका स्पंज. तो क्लोरीनच्या पाण्यात धुतलात किंवा दिवसभर खोक्यात वाळू दिलात, की टँक दिसायला जुना, आतून कोरा. नवी फौज तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माशांना तेवढा धीर नसतो.

मासे कधी मेले, त्यावरून बराच उलगडा होतो. पहिल्या काही तासांतच मेले, तर क्लोरीन, तापमानातला झटका किंवा एखादं विष. तिसऱ्या दिवसापासून पुढे रोज एक-दोन, तर बहुतेक अमोनिया. सगळं सावरलंय असं वाटत असताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जायला लागले, तर नायट्राइट. त्यानं रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, म्हणून पाण्यात भरपूर हवा असूनही मासे धापा टाकतात.

अमोनिया-नायट्राइटचं टेस्ट किट आणा. दुकानदार आधी निळं-पिवळं औषध पुढे करेल, घेऊ नका. रोग नसताना दिलेलं औषध उरलेसुरले बॅक्टेरियाही मारू शकतं. दोन्ही आकडे शून्य हवेत. नसतील, तर रोज पाव ते तृतीयांश पाणी बदला. दोन दिवस खाणं बंद, मग चिमूटभर. एअरपंप चोवीस तास चालू. नायट्राइट निघालं, तर दहा लिटरला चमचाभर खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आणि सगळ्यात रामबाण म्हणजे एखाद्या मित्राच्या निरोगी टँकमधला मळका स्पंज मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा. मित्र जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

आता पाणी. हा भाग दुकानदारही सहसा सांगत नाहीत. समजा, तुम्ही कोथरूडहून वाकडच्या नव्या स्कीममध्ये आलात. तिकडे नळाला धरणाचं मऊ पाणी, इथे सोसायटीत बोअर आणि टँकर. बाथरूमच्या नळांवर पांढरे डाग दिसतायत ना? तेच क्षार टँकमध्ये. बोअरच्या पाण्याचा पीएच बरेचदा चढा असतो, आणि गंमत पीएचमध्येच आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जवळजवळ निरुपद्रवी, दुसरं जहाल. पंचवीस अंशांना पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला, की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे जवळपास दहापट! बरीच वर्षं चाललेल्या टँकचं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं आणि मासे त्याला सरावतात. त्यात एकदम बोअरचं पाणी ओतलं, की कालपर्यंत न बाधलेला अमोनिया आज बाधतो.

म्हणून नवीन पाणी मगानं, हप्त्याहप्त्यानं. मासे आणलेली पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवा, दर दहा मिनिटांनी थोडं नवं पाणी आत घाला, तास-दीड तास लागला तरी चालेल. पाणी आधी बादलीत रात्रभर एअरस्टोन लावून ठेवलं, की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल, तर दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब. सोसायटीची टाकी नुकतीच धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर दोन दिवस त्या पाण्याला हातच लावू नका. आरओचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून नुसतं भरणं हाही उपाय नव्हे. क्षारच नसले, की पीएच जागेवर टिकत नाही. बोअरच्या पाण्यात थोडं मिसळा, एवढं पुरे.

पाणी तपासलं, सगळं ठीक, तरी मासे जातायत? मग खोलीकडे बघा. नवा फ्लॅट म्हणजे ताजा रंग, फर्निचरचं पॉलिश आणि ताबा घेण्याआधी केलेलं पेस्ट कंट्रोल. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. एअरपंप खोलीतलीच हवा खेचून पाण्यात सोडतो, हे आपण विसरतो. फवारणीच्या दिवशी टँक झाका, पंपाची नळी बाल्कनीत न्या. डास पळवणारं लिक्विडचं मशीन टँकशेजारच्या प्लगवर तर नकोच.

पुढच्या वेळी लीज संपेल तेव्हासाठी: आदल्या दिवशी खाणं बंद. स्पंज झाकण नसलेल्या बादलीत, टँकच्याच पाण्यात बुडवून न्यायचा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. टँक पूर्ण रिकामा केल्याशिवाय उचलायचा नाही; दोन फुटी टँकमध्ये पन्नासेक लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, आणि उचलताना सिलिकॉनचा जोड सुटला, तर नव्या घराचा मजला तुमच्याच खर्चानं पुसावा लागतो. नव्या जागी पोचल्यावर आधी फिल्टर चालू करायचा, पलंग नंतर लावायचा.

नवे मासे आणायची घाई होते, मला माहितीय, रिकामा टँक बघवत नाही. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य येईपर्यंत थांबा, मग दोनच आणा.