किल्ला मुलांचा की बाबांचा?

लहान मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका, असं सगळेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ बसून स्क्रीन बघू नये. पण मोबाइल काढून घेतल्यावर हातात द्यायचं काय? मला विचाराल तर, माती.

आपल्या बेळगावात दिवाळीला किल्ले होतात. चार वर्षांच्या पोराला त्यात काय जमणार, असं वाटतं. पण दगड रचायचे, वर पोतं टाकायचं, चिखल कालवायचा. पाणी जास्त झालं की बुरूज घसरतो, मग पुन्हा कोरडी माती! हे शिकवावं लागत नाही. अळीव पेरले की कोंब आले का बघायला पोर सकाळी दात न घासताच पळतं.

होतं काय, किल्ला ‘चांगला दिसावा’ म्हणून बाबाच करत बसतात आणि मुलगा बाजूला, पुन्हा मोबाइलवर. नाहीतर बाजारातून तयार किल्ला येतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, पानं, खडे, बिया वापरल्या. आपल्याला तर नुसती माती हवी. अंगण नसेल तर गॅलरीत, जुन्या परातीत. किल्ला वाकडा होईल, फरशी खराब होईल, आजी ओरडेल. ओरडू दे. पुसायचं फडकं मात्र पोराच्याच हातात द्या. त्याला तोही खेळच वाटतो.