टीव्ही स्मार्ट, पण वायफाय रुसलं!

सीएसएमटी ते खोपोली अप-डाऊन करणाऱ्यांना शुक्रवारची रात्र म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अडीच तासांचा प्रवास, मग अंघोळ, गरम वरणभात, सोफा आणि रिमोट. आठवडाभर राखून ठेवलेली सिरीज लावावी, तर स्क्रीनवर ते चक्र गोल गोल फिरतंय. फिरतंय, फिरतंय आणि शेवटी 'नेटवर्क उपलब्ध नाही'. बाबा शांतपणे म्हणतात, 'सकाळपासून असंच आहे, तुझीच वाट बघत होतो.' घ्या! ऑफिसात माउस अडला तरी आयटीला फोन लावणारे आपण, घरी आलो की आपणच आयटी.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतरच्या पिढीने छपरावर चढून अँटेना फिरवली. एक वर, एक टीव्हीसमोर. 'आलं का?' 'नाही, थोडं डावीकडे!' निदान काय फिरवायचं ते तरी दिसत होतं. वायफाय दिसत नाही, म्हणून आपण दिसेल ते बटण दाबत सुटतो आणि शेवटी वैतागून फॅक्टरी रिसेट मारतो. सगळे पासवर्ड, सगळी लॉगिन पुसली जातात आणि मूळ दुखणं तिथेच! तेव्हा मंडळी, आधी दुखणं कुठे आहे ते शोधायचं, औषध नंतर.

गाडी नक्की कुठे अडकली?

खोपोलीकरांना हे चटकन कळेल. लोकल आली नाही, तर आपण काय विचारतो? गाडी मुंबईहूनच सुटली नाही, की कर्जतपर्यंत आली आणि पुढच्या सिंगल लाईनवर अडकली? वायफायचंही तसंच. बाहेरून घरापर्यंत येणारी केबल म्हणजे मेन लाईन. राऊटर म्हणजे कर्जत. आणि राऊटर ते टीव्ही हा शेवटचा टप्पा म्हणजे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोली.

यासाठी दोन टेस्ट, दोन्ही मिळून पाच मिनिटांच्या.

पहिली : मोबाइलचा डेटा बंद करा, घरचं वायफाय जोडा आणि बरोब्बर टीव्हीसमोर उभं राहून एखादा व्हिडिओ लावा. राऊटरच्या खोलीत नाही, टीव्हीसमोर! तिथे चालला नाही, तर राऊटरजवळ जाऊन बघा. तिथेही बंद? मग टीव्ही निर्दोष आहे, घोळ मेन लाईनचा. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाहीये. केबलवाल्याला फोन करा आणि पुस्तक वाचा. राऊटरजवळ चालतोय आणि टीव्हीसमोर नाही, तर प्रश्न अंतराचा आणि भिंतींचा.

दुसरी : मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडा. जोडला गेला, तर टीव्ही ठणठणीत आहे, भांडण त्याचं आणि राऊटरचं. हॉटस्पॉटलाही जोडला जात नसेल, तरच संशय टीव्हीवर. (टेस्ट झाली की हॉटस्पॉट बंद करा, नाहीतर दिवसाचा डेटा एका एपिसोडमध्ये गुल.)

लाईट गेली, आली, आणि...

गंमत बघा. १९१५ पासून खोपोलीच्या टाटा पॉवरहाऊसमध्ये घाटावरून पाणी उतरतंय आणि त्याची वीज मुंबईला गेली. पण पावसाळ्यात आपल्या घरची लाईट जायची ती जातेच. लाईट परत आली की राऊटर आणि टीव्ही एकदमच जागे होतात. राऊटरला लाईन पकडून पत्ते वाटायला दोन-तीन मिनिटं लागतात. टीव्ही तेवढा धीर धरत नाही. पत्ता मागतो, मिळत नाही, रुसून बसतो. हा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर तो देतो.

उपाय फुकट आहे. दोघांचेही प्लग काढा. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो, डुलकी घेत असतो, म्हणून प्लगच काढायचा. एक मिनिट थांबा. आधी राऊटर लावा. त्यावर मोबाइलचं इंटरनेट चालू झालं की मगच टीव्ही. तरीही नाही जमलं, तर टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जुनं कनेक्शन 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने टाका. कॅपिटल-स्मॉल अक्षरं नीट बघून! रिमोटवरून टाइप करताना गडबड तिथेच होते.

नावच दिसत नाही?

मोबाइलला वायफायचं नाव दिसतं, टीव्हीला नाही. इथे बहुतेक वेळा भानगड बँडची. राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर बोलतो. ५ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. २.४ सावकाश, पण लांब पोचतो. बऱ्याच जुन्या आणि स्वस्त टीव्हींना फक्त २.४ च कळतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि टीव्ही २.४ ला जोडा.

टीव्हीला ५ कळत असूनही नाव दिसत नसेल, तर राऊटरचं चॅनल ३६ ते ४८ मध्ये ठेवून बघा. मधली काही चॅनल्स रडारसोबत वाटून घ्यावी लागतात, त्यामुळे काही टीव्ही तिकडे फिरकतच नाहीत. २.४ वर १, ६ किंवा ११ यापैकी एक चॅनल बरं. आणि सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए-३ वर असेल, तर जुन्या टीव्हीला ती भाषा कळत नाही. डब्ल्यूपीए-२ चालणारा पर्याय निवडा.

सगळ्यात फसवा आजार

'वायफाय कनेक्टेड, इंटरनेट नाही.' आमच्या शिळफाट्याकडच्या एका काकांचा टीव्ही असाच अडला होता. मेकॅनिक आला, दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, 'बोर्ड गेलाय, काका. नवीन टीव्हीच घ्या.' काका हप्त्यांची चौकशी करायला निघालेसुद्धा! त्यांच्या भाच्याने सहज सेटिंग उघडलं, तर टीव्हीचं घड्याळ काही वर्षं मागे. तारीख-वेळ दुरुस्त केली आणि टीव्ही सुरू.

यात जादू काही नाही. टीव्ही इंटरनेटवरच्या सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं सर्टिफिकेट तपासतो, म्हणजे ओळखपत्रच. त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध' असं असतं. टीव्हीचीच तारीख चुकली, की खरं ओळखपत्रही त्याला खोटं वाटतं आणि तो दार उघडत नाही. म्हणून तारीख आधी बघा. ती बरोबर असेल, तर डीएनएस हाताने ८.८.८.८ टाकून बघा.

कधी कधी टीव्हीच खरोखर म्हातारा झालेला असतो. ३० सप्टेंबर २०२१ ला इंटरनेटवरचं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि अपडेट न मिळालेल्या अनेक जुन्या यंत्रांची पंचाईत झाली. नेटफ्लिक्सने १ डिसेंबर २०१९ पासून काही जुन्या टीव्हींची साथ सोडली होती. पण पडदा चांगला असेल, तर टीव्ही टाकू नका. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, नव्या टीव्हीच्या मानाने खर्च किरकोळ.

आणि भिंती आडव्या येत असतील, तर राऊटर कपाटातून बाहेर काढा, उंचावर ठेवा. शक्य असेल तर सरळ लॅन केबल टाका. नेटफ्लिक्सला ४के साठी १५ एमबीपीएस पुरतात. केबल त्याहून कितीतरी जास्त देते.

खरं टेन्शन इथे आहे

आपण घरी असलो, तर हे सगळं ठीक. पण मंगळवारी दुपारी टीव्ही अडला आणि आपण मीटिंगमध्ये फोन कट केला, तर आईबाबा काय करतात? गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतात. आणि तिथे भामटे टपलेलेच असतात. खोटे नंबर टाकून ठेवायचे, फोन आला की गोड बोलायचं, 'सर, एक छोटं अ‍ॅप डाऊनलोड करा, मी इथूनच दुरुस्त करतो.' त्या अ‍ॅपमधून मोबाइलचा अख्खा स्क्रीन त्याला दिसतो, ओटीपीसकट. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कसारख्या अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. वायफायपायी फिक्स डिपॉझिट गेलं, तर कुणाला सांगणार?

तेव्हा या वीकेंडला एक काम करा. दोन्ही टेस्ट आईबाबांकडून त्यांच्याच हाताने करून घ्या. तुम्ही रिमोट हिसकावून घ्यायचा नाही, शेजारी बसायचं! मग टीव्हीखालच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवा. त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा : आधी राऊटर, मग टीव्ही. तारीख बघा. केबलवाल्याचा नंबर. कंपनीचा नंबर, बिलावरून किंवा खोक्यावरून उतरवलेला. कुणाच्या सांगण्यावरून अ‍ॅप टाकायचं नाही. पैसे परत मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३०.

कागद पाच मिनिटांत होईल. फक्त लिहिताना आईला विचारा, अक्षर वाचता येतंय ना? तिचा चष्मा नेहमी दुसऱ्याच खोलीत असतो.