खुर्ची एकाने फेकली, स्पर्धा सगळ्यांची बंद!

मोसम सुरू झाला की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला, ‘भाऊ, आमच्या स्पर्धेची बातमी लावा.’ दुसरा चार दिवसांनी, ‘भाऊ, कालच्या राड्याची बातमी तेवढी लावू नका.’

गेल्या मोसमात असा एक राडा डोळ्यांदेखत पाहिला. गावाचं नाव लिहीत नाही. रात्रीची कबड्डी, शेवटची चढाई, बोनस दिला की नाही यावरून पंचांना घेराव. माइकवरचा निवेदक शांत करायचं सोडून ‘निर्णय चुकीचा आहे’ म्हणून ओरडतोय. खुर्च्या उडाल्या. पोलीस आले, काठी चालली. मार कोणी खाल्ला? पुढच्या रांगेतल्या बारक्या पोरांनी. खुर्ची फेकणारे कधीच बाइकवरून पसार. आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धाच गुंडाळली.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलात की ज्या मुंबईत पोचता, तिथेही हेच झालंय.

1969 साली ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. वेंकटराघवनला बाद दिलं. रेडिओवरच्या समालोचकाने तो बाद नव्हता असं सांगितलं. लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर. स्टँडमध्ये जाळपोळ झाली.

जानेवारी 1975, वानखेडेवरची पहिलीच कसोटी. क्लाइव्ह लॉइडने द्विशतक काढलं, एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला सगळ्यांसमोर बदडलं. पब्लिक खवळलं, दंगल झाली, खेळ थांबला.

म्हणजे एकदा माइकने आग लावली, एकदा काठीने. आपण पन्नास वर्षांनंतरही दोन्ही तसंच वापरतोय.

पोलिसांवर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण आपल्या पोलिसांकडे समुद्रकिनारा, जेट्टी आणि शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी असते. रात्री दोन वाजेपर्यंत चालणाऱ्या प्रत्येक सामन्याला माणसं आणायची कुठून? मुंबईत क्रिकेटच्या बंदोबस्ताचे पैसे लागतात. 2023 मध्ये सरकारने ते शुल्क कमी केलं, मागची थकबाकीही हलकी केली, तर प्रकरण हायकोर्टात गेलं. गावच्या मंडळाला असा बंदोबस्त परवडणार आहे का? म्हणून पहिली जबाबदारी आयोजकांचीच.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. राडा करणारा कोण, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. कायदाही आहे. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात दंग्याला कलम 191 आहे, सार्वजनिक ठिकाणी मारामारी केली तर 194 आहे. पण तक्रार द्यायची वेळ आली की, ‘आपलाच पोरगा आहे, मिटवून टाका.’ आणि ज्याचा फोटो स्पर्धेच्या बॅनरवर, त्याचाच फोन पोलीस ठाण्यात! मग पोलीस पण म्हणतात, नकोच ती परवानगी. नुकसान कोणाचं? वर्षभर घाम गाळणाऱ्या खेळाडूचं.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचे दंगेखोर आपल्यापेक्षा भारी होते. तिथे कोर्ट दंगेखोर माणसाला नाव घेऊन सामन्यांना यायला बंदी घालतं, कमीत कमी तीन वर्षं. बंदी माणसावर, सामन्यावर नाही.

आपण एवढं तरी करू शकतो. प्रेक्षक आणि मैदान यांत दोरी नको, पक्कं बॅरिकेड हवं. बिल्ले लावलेले स्वयंसेवक दोन्ही गावांचे असावेत. पंचांच्या निर्णयावर माइकवरून एक शब्द बोलायचा नाही. दारू पिऊन आलेल्याला गेटवरूनच परत. शेवटी प्रत्येक सामन्याचं मोबाइल शूटिंग होतंच, त्यात जो दिसेल त्याला पंचक्रोशीतल्या सगळ्या मैदानांवर एक मोसम बंदी, मग तो कोणाचाही भाचा असो.

पोलिसांनाही एक विनंती. काठी उचलण्याआधी बघा, समोर राडा करणारा आहे की नुसता बघणारा.

आयोजक मंडळींनो, यंदा मैदानपूजनाचा नारळ फोडण्याआधी ही बैठक घ्या. बातमी मी पहिल्या पानावर लावतो. आणि राडा झाला तर तीही लावणार, फोन करू नका.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण शिव्या नकोत. इथला पंच मी आहे!