आकडा एक, उकाडा दुसरा

हवेतील आर्द्रता हा शास्त्र शाखेचा विषय; कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु घाम सर्वांनाच येतो आणि उन्हात राबणाऱ्याला अधिक येतो. म्हणून हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही, असे मला वाटते.

उन्हाळा आला की पारा किती चढला याची ठळक बातमी होते. आर्द्रतेचा आकडा दिलाच, तर कोपऱ्यात. वस्तुतः शरीराला गारवा मिळतो तो घाम वाळण्यातून. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. माठाचेही तेच. वैशाखात त्याचे पाणी गार लागते, श्रावणात तितके लागत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातील सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात मे महिन्यात या आकड्याचे कोणाला नवल वाटत नाही! पण किनाऱ्यावरचे ३८ अंश वेगळे.

बरे, आर्द्रतेची टक्केवारीही एकटी फसवी असते. हवा जितकी गरम, तितके अधिक बाष्प तिच्यात मावते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम. म्हणजे २० अंशांच्या १०० टक्क्यांपेक्षा ३० अंशांच्या ६० टक्क्यांत पाणी जास्त!

मग पाहावे काय? दोन तापमापक शेजारी टांगावेत; एकाच्या फुग्यावर ओले सुती कापड गुंडाळावे. पाणी वाळताना ओला पारा उतरतो; कोरड्या हवेत पुष्कळ, दमट हवेत थोडा. हा ओला पारा ३५ अंशांवर टिकला, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही फार वेळ तग धरू शकत नाही. कष्टकऱ्याचा धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो.

आपल्या भूगोल विभागाच्या कपाटात हे उपकरण आहे. प्रात्यक्षिकाला ते बाहेर निघते आणि गुण मिळाले की पुन्हा आत जाते. ते व्हरांड्यात टांगावे, रोज दुपारी दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि सामने, श्रमदान त्यावरून ठरवावे. उद्या हाच फळा रोजगार हमीच्या कामावर आणि ग्रामपंचायतीपुढेही लागावा. खर्च दोन तापमापकांचा आणि एका चिंधीचा. मित्रहो, ज्या ज्ञानाने घाम गाळणाऱ्याला वेळीच सावलीत बसवता येते, ते कपाटात ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?